माळ्याला, प्लॅटफॉर्मला रेलिंग कशी लावायची आणि बेल्ट नक्की कधी कामाला येतो

नाशिकच्या अंबडला एका युनिटमध्ये स्टोअरसाठी साडेनऊ फुटावर माळा करून दिला होता, मीच केला होता, चॅनल आयबीमचा, वर चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीची लोखंडी प्लेट. तीन बाजूंनी रेलिंग चांगली मजबूत लावली आणि पुढच्या बाजूला स्टॅकरने, म्हणजे माल उचलून वर ठेवायच्या गाडीने, पॅलेट वर ठेवायला सहा फुटाची जागा मोकळी सोडून तिथे दोन साखळ्या दिल्या, हुकात अडकवायच्या. तेव्हा सगळीकडे तसंच करायचे आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चार महिन्यांनी तिथला एक हेल्पर, पेठकडचा पोरगा, रिकामं पॅलेट खाली द्यायला कडेकडे ओढत आणत होता, म्हणजे पाठ कडेकडे आणि तोंड आत, आणि साखळ्या काढलेल्या होत्या कारण दुसरं पॅलेट दोन मिनिटात वर येणारच होतं तर परत कशाला अडकवायच्या. तसाच मागे सरकत तो कडेवरून खाली पडला. खुब्याचं हाड मोडलं त्याचं. वाचला, पण सहा महिने घरी होता आणि अजूनही जिना चढताना थांबतो.

साडेनऊ फुटावरून माणूस पाऊण सेकंदात खाली येतो, आणि जमिनीला लागताना वेग असतो ताशी २७ किलोमीटरच्या आसपास. पाऊण सेकंदात कुणी हात धरत नाही, कुणी ओरडूही शकत नाही. म्हणून त्यानंतर मी साखळी लावणं बंद केलं आणि ह्या विषयात नीट लक्ष घातलं, आणि जे कळलं ते इथे लिहितोय. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी सगळीकडे छोट्या शेडमध्ये माळे आहेत, टाकीभोवती प्लॅटफॉर्म आहेत, आणि आता २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे तर जिकडे बघाल तिकडे परांची उभी आहे.

आधी एक प्रश्न विचारायचा, हे काम वर जाऊन करणं गरजेचंच आहे का. व्हॉल्व्हचं हँडल साखळीने खालून फिरवता येतं, लाईट फिटिंग खाली उतरवायच्या हुकावर लावता येतं, फॅब्रिकेशनचे जॉइंट जमिनीवर वेल्ड करून मग अख्खी फ्रेम उचलता येते. जितकी कामं खाली आली तितके फेरे वाचले, आणि माणूस वर जाण्याचे फेरे कमी झाले की पडण्याचे प्रसंग पण कमी होतात. जे खाली येतच नाही त्याच्यासाठी पुढचं सगळं.

रेलिंग आणि बेल्ट, म्हणजे सेफ्टी बेल्ट, ह्यात रेलिंग पहिली. ह्याचं कारण साधं आहे, रेलिंगला कुणी काही आठवावं लागत नाही. नवीन आलेला पोरगा असो, रात्रपाळीला झोपाळलेला ऑपरेटर असो, ऑडिटला आलेला पाहुणा असो, रेलिंग सगळ्यांना सारखीच अडवते. बेल्ट मात्र घालावा लागतो, नीट घालावा लागतो, हुक लावावा लागतो, बरोबर जागी लावावा लागतो, खाली पुरेशी मोकळी उंची असावी लागते आणि पडल्यावर कुणीतरी येऊन सोडवावं लागतं. एवढ्या सगळ्यात एक जरी चुकलं तरी बेल्ट अंगावर असून माणूस जातो.

उंची किती ठेवायची

आपल्याकडे बऱ्याच माळ्यांना तीन फुटाची रेलिंग दिसते आणि मध्ये एकच आडवा पाईप, कधी तोही नाही. तीन फूट पुरत नाही. उभ्या माणसाचं वजनाचं केंद्र बेंबीच्या आसपास असतं, साडेपाच पावणेसहा फुटाच्या माणसाची बेंबी जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटावर येते, म्हणजे रेलिंग त्याच्या खाली असेल तर धक्का लागल्यावर ती अडवत नाही, उलट मांडीला लागून माणूस पलटी मारून पलीकडे जातो. अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या, नियमात वरचा पाईप ४२ इंचावर सांगितलाय, तीन इंच कमी-जास्त चालतं, आणि ब्रिटनमध्ये किमान ९५० मिलिमीटर. आपल्याकडे फ्लोअर ओपनिंग, रेलिंग आणि टो बोर्ड (पायाशी लावायची पट्टी) ह्या विषयावर आयएस ४९१२ आहे, परांची आणि शिड्यांसाठी आयएस ३६९६ आहे, मोठं काम असेल तर हे दोन्ही मागवून कन्सल्टंटबरोबर बसून वाचा. आणि उंचीवरून पडण्याची शक्यता असेल तिथे कठडा किंवा दुसरी सोय करायचीच ही गोष्ट १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३२ मध्येच लिहून ठेवली होती, म्हणजे ही काही कालची मागणी नाही.

मी ४२ इंच म्हणजे साडेतीन फूट धरून चालतो. आता फॅब्रिकेटर लोकांसाठी एक खास गोष्ट सांगतो कारण तीन फुटाची रेलिंग कुठून येते ते मला नीट माहितीये. पाईपची लांबी सहा मीटर. त्यात ८५० मिलिमीटरचे सात तुकडे बरोबर बसतात, खाली १० ची बेस प्लेट, वर आडवा पाईप, झाली तीन फुटाची रेलिंग, आणि भंगारात काही जात नाही. सात खांब निघतात म्हणून सगळे सातच काढतात. त्याऐवजी सहा काढा, कटिंगचे दोन-तीन मिलिमीटर धरून प्रत्येक तुकडा ९९७ च्या आसपास येतो, खाली १० ची प्लेट आणि वर ४२ मिलिमीटरचा आडवा पाईप धरला की फ्लोअरपासून १०५० ला जरासं कमी, म्हणजे ४१ इंचाच्या वर. भंगार ह्यातही शून्यच. पाईपमागे फक्त एक खांब कमी निघतो. कोटेशनमध्ये तेवढा फरक स्पष्ट लिहा आणि पार्टीला तोंडाने समजावून सांगा, माझ्या अनुभवात कारण सांगितल्यावर नाही म्हणणारे फार कमी भेटतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा की उंची ही माणूस जिथे उभा राहतो तिथून मोजायची. माळ्यावर नंतर लाकडी फळ्या टाकल्या, किंवा मशीनजवळ उभं राहायला सहा इंचाचा पाट ठेवला, की रेलिंग तेवढी बुटकी झाली. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये मी बघितलंय, बायका क्रेट उलटा ठेवून त्याच्यावर उभ्या राहून वरचे क्रेट काढतात आणि मागे रेलिंग गुडघ्याच्या जरा वर. तिथे क्रेट बंद करायला सांगून उपयोग नाही, रॅकच बुटका करा नाहीतर कडेपासून लांब न्या.

मधला पाईप वरच्याच्या निम्म्यावर, म्हणजे २१ इंचाच्या आसपास. हा पाईप उभ्या माणसासाठी नसून वाकलेल्या, बसलेल्या, पाय घसरून आडव्या झालेल्या माणसासाठी आहे. खाली फ्लोअरला लागून टो गार्ड, चार इंचाची पट्टी पुरते, आणि पट्टी व फ्लोअर ह्यात फट ठेवायची नाही, दोन सुतापेक्षा जास्त तर नाहीच. टो गार्ड लोक विसरतात कारण त्यांना वाटतं तो माणसासाठी आहे, तो खालच्या माणसासाठी आहे. वरून पायाने सरकलेला पाना, नट, वेल्डिंग रॉडचं थोटूक, हे खाली कुणाच्या डोक्यावर पडतं. जिथे सामान रेलिंगला टेकून रचतात तिथे चार इंच पुरणार नाही, तिथे मधल्या पाईपपर्यंत जाळी मारा.

खांब आणि बेस प्लेट, इथे खरी गडबड असते

रेलिंग दिसायला छान आणि हाताने हलवली की खांब मुळातून डुलतो, असं किती ठिकाणी बघितलंय मोजता येणार नाही. ओशाच्या नियमात वरच्या पाईपने २०० पौंड म्हणजे साधारण ९० किलोचा जोर बाहेरच्या दिशेने सहन करायला पाहिजे. ९० किलो ऐकायला कमी वाटतं. पण हिशोब करून बघा, जोर लागतो साडेतीन फूट वर आणि त्याला धरून ठेवतात खाली चार बोल्ट ज्यांच्यात अंतर चार इंच, म्हणजे खांब ही पहार झाली, वर ९० किलो लावले की खाली बोल्टला जवळजवळ टनभर ओढ बसते, आणि ती ओढ दोनच बोल्टवर येते, आतल्या बाजूच्या. म्हणून ६ मिलिमीटरची प्लेट, दोन बोल्ट, आणि तेही प्लास्टरमध्ये, असलं काम म्हणजे नुसता देखावा.

माझं ठरलेलं माप असं, खांब ४० एनबी बी क्लास (एनबी म्हणजे पाईपच्या पोकळीचं ठरलेलं माप, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा), आडवे पाईप ३२ एनबी चालतात, खांबात अंतर दीड मीटर, जास्तीत जास्त १.८. खांबाला ३२ एनबी वापरायचो पूर्वी, पण ९० किलोच्या हिशोबात तो एकटा खांब वाकायच्या बेतात येतो, ४० एनबीत आरामात निभतं आणि वजनात फरक फार नाही. बेस प्लेट १५० बाय १५०, जाडी १०, चार एम१२ बोल्ट. काँक्रीटमध्ये असेल तर आधी वरचा कोबा किंवा फरशी किती जाड आहे ते बघा, कारण बोल्टची पकड खऱ्या स्लॅबमध्ये ८०-९० मिलिमीटर पाहिजे, वरचा दीड इंच कोबा त्यात धरायचा नाही. भोक मारल्यावर धूळ पंपाने उडवून काढा, धुळीत फास्टनर फिरतो आणि आवळल्यासारखा वाटतो पण पकडत नाही. स्लॅबच्या अगदी कडेला फुगणारा फास्टनर ठोकला तर कडेचं काँक्रीट तडकतं, म्हणून कडेपासून चार इंच तरी आत या, आणि आत येता येत नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट, वापरा किंवा आरपार बोल्ट टाकून खालून प्लेट द्या.

लोखंडी माळ्यावर चेकर प्लेटवर खांब वेल्ड करू नका. चेकर प्लेट ५-६ मिलिमीटरची, ती स्वतःच वाकते, खांबाला पहारीसारखा जोर आला की प्लेटचा तुकडा उचकटून येतो. खांब कडेच्या बीमच्या बाजूला, वेबला म्हणजे बीमच्या उभ्या पट्टीला, प्लेट देऊन बोल्ट करा किंवा चारी बाजूंनी वेल्ड करा. टाके मारून सोडलेलं वेल्डिंग रंग मारल्यावर दिसत नाही हे आपल्या सगळ्यांना माहितीये, म्हणून मी पार्टीला सांगतो की रंगाआधी येऊन बघा.

झालं की टेस्ट करा, अंग टेकवून नाही, दोरी बांधून. नाशिकमध्ये कांद्याच्या गोणी मोजायचा टांगता काटा कुणाकडेही मिळतो, १०० किलोचा. वरच्या पाईपला दोरी, दोरीला काटा, आणि खाली जमिनीवर जरा लांब उभं राहून बाहेरच्या दिशेने ९० किलो होईपर्यंत ओढा, रेलिंगच्या बरोबर खाली कुणाला उभं करू नका. दोरी तिरकी असते म्हणून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा. खांबाच्या बाजूला एकदा आणि दोन खांबांच्या मध्ये एकदा, असं प्रत्येक सलग तुकड्यात एक टेस्ट. बोल्ट वर आला, प्लेट एका बाजूने उचलली, खांब ओढ सोडल्यावर परत सरळ झाला नाही, तर काम परत करायचं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पार्टीसमोर केलं तर तुमच्यावरचा विश्वास वाढतो तो वेगळाच.

शिडीचं तोंड

शिडी जिथे वर येते तिथे रेलिंगला तोंड असतं आणि तिथूनच मागे पाऊल पडून लोक खाली जातात. इथे आपोआप बंद होणारं छोटं गेट पाहिजे, स्प्रिंगच्या बिजागऱ्या मिळतात, नाहीतर बिजागरी जराशी तिरकी लावली की गेट स्वतःच्या वजनाने मिटतं. गेट आतल्या बाजूला म्हणजे माळ्याकडे उघडलं पाहिजे. शिडीकडे उघडणारं गेट कुणी टेकलं की त्याला घेऊन खाली जातं, आणि वर चढणाऱ्याच्या तोंडावर आपटतं ते वेगळं. शिडीचे दांडे माळ्याच्या वर साडेतीन फूट न्या म्हणजे चढून आल्यावर हाताला धरायला राहतं, आणि शिडी वर बांधलेली किंवा बोल्ट केलेली हवी.

सामान चढवायची जागा

आता ती सहा फुटाची मोकळी जागा. माझ्या मते माळ्याचं सगळ्यात धोक्याचं ठिकाण हेच, कारण बाकी रेलिंग कायम असते, ही एकच अशी जागा आहे जी दिवसातून वीस वेळा उघडते, आणि ज्या वेळी ती उघडी असते नेमकं त्याच वेळी तिथे माणूस उभा असतो, ओढत, ढकलत, मागे सरकत. साखळीचा दोष असा की ती बंद ठेवणं माणसाच्या आठवणीवर आहे. शिवाय मध्ये लोंबते, टेकलं की फूटभर बाहेर जाते. काढायचा पाईप किंवा सरकतं गेट लावलं तरी प्रश्न तोच, उघडल्यावर कडा उघडी.

ह्याच्यावर उपाय म्हणजे दोन तोंडाचं पॅलेट गेट. कल्पना अशी की कडेला एक अडथळा आणि पॅलेटच्या मागे आत दुसरा अडथळा, आणि दोन्ही एकाच फ्रेमने जोडलेले, त्यामुळे एक वर गेला की दुसरा खाली येतोच. स्टॅकर पॅलेट ठेवतो तेव्हा कडेचा वर असतो आणि आतला खाली, म्हणजे माणूस पॅलेटपर्यंत पोचूच शकत नाही. स्टॅकर मागे गेला की आतल्या माणसाने आतला भाग वर उचलायचा, तसा कडेचा खाली येऊन कडा बंद होते, आणि मगच तो पॅलेटपाशी जातो. दोन्ही एकदम उघडे राहणं शक्यच नाही.

बनवायला अवघड नाही. दोन्ही बाजूला पक्के खांब, त्यांच्यावर बेअरिंग किंवा बुश टाकून पिव्होट म्हणजे गेट फिरायचा कणा, आणि पिव्होटला दोन बाजूच्या चौकटी, पुढे कडेचा आडवा आणि मागे आतला आडवा, प्रत्येकाला मधला पाईप सकट. आतली मोकळी खोली तुमच्या सगळ्यात मोठ्या पॅलेटपेक्षा फूटभर जास्त ठेवा, १२०० च्या पॅलेटला १५०० धरा, रुंदीतही तसंच. मालाची उंची मोजून घ्या, नाहीतर गेट फिरताना वरच्या खोक्याला अडकतं आणि मग लोक गेटच काढून ठेवतात, हे माझ्या पहिल्या गेटला झालं, तिथे गोण्यांचा थर मी मोजला होता चार फूट आणि सीझनला ते साडेपाच फूट रचायचे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं आलं पाहिजे म्हणजे एका हाताने फिरतं, जड गेट कुणी वापरत नाही. आणि बाजूच्या भिंती, म्हणजे पॅलेटच्या डाव्या-उजव्या अंगाला, तिथेही पूर्ण उंचीची रेलिंग द्या, नाहीतर लोक बाजूने आत शिरतात. सहा महिन्यांनी पिव्होटला ग्रीस आणि वेल्ड बघून घ्यायचे.

गेटचं बजेट नसेल किंवा महिन्यातून एकदाच माल चढत असेल तर दुसरा मार्ग आहे, दोरी कमी ठेवण्याचा. मागच्या कॉलमला पक्की रिंग, तिथून बेल्टला दोरी, आणि दोरीची लांबी अशी मोजून कापलेली की माणूस पूर्ण ताणून उभा राहिला तरी कडेच्या दोन फूट आधीच थांबतो. इथे माणूस पडतच नाही म्हणून पडल्यावर काय हा हिशोबच येत नाही. पण लांबी ठरवून पक्की करा, ॲडजस्ट होणारी दोरी दिली की ती वाढवली जाते. आणि कोपऱ्याकडे चालत गेलं तर तिरक्या बाजूने कडा जवळ येते का ते स्वतः बेल्ट घालून फिरून बघा.

बेल्ट

रेलिंग लावताना, काढताना, पत्र्यावर, परांची उभी करताना, जिथे अजून कडा बंद नाही तिथे बेल्ट लागतोच. पहिली गोष्ट, कमरेचा पट्टा नको. पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. फुल बॉडी हार्नेस घ्या, आयएस ३५२१ चा मार्क आणि तारीख असलेला, आणि मांडीचे पट्टे बांधलेच पाहिजेत, सैल लोंबत ठेवतात बरेच जण. पट्टा आणि मांडीमध्ये सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. पाठीवरची डी रिंग, म्हणजे दोरी अडकवायची कडी, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये.

आता तो हिशोब जो सुपरवायझर लोकांनाही कुणी सांगत नाही. दोरी १.८ मीटर. झटका शोषायची जी घडी असते ती पूर्ण उसवली तर पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. डी रिंगपासून पायापर्यंत माणूस दीड मीटर. वर एक मीटर राखीव. बेरीज झाली सहा मीटर, म्हणजे हुक जिथे लावलाय तिथून खाली वीस फूट मोकळी जागा पाहिजे. बारा फुटाच्या माळ्यावर पायाशी रेलिंगच्या मुळाला हुक लावला तर दोरी ताणायच्या आधी किंवा ताणता ताणता माणूस जमिनीला टेकलेला असतो. म्हणून कमी उंचीवर एकतर ती कमी लांबीची दोरी जी कडेपर्यंत जाऊच देत नाही, नाहीतर डोक्यावर बीमला लावलेला, दोरी आपोआप गुंडाळणारा ब्लॉक. हुक नेहमी डोक्याच्या वर, निदान खांद्याच्या वर.

हुक कशाला लावायचा हेही. ओशाच्या नियमात एका माणसाच्या अँकरला ५००० पौंड म्हणजे सव्वादोन टनाची ताकद लागते. पाण्याचा पाईप, केबल ट्रे, पर्लिन म्हणजे छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, आणि आपलीच ९० किलोची रेलिंग, ह्यातलं काही चालत नाही. कॉलम, मेन बीम, ह्यांना स्लिंग मारून. वायर रोपची आडवी लाईफलाईन, म्हणजे हुक अडकवून सरकत जायची तार, टाकत असाल तर ती तारेसारखी कडक ताणू नका, जेवढी सरळ तेवढा दोन्ही टोकांच्या अँकरवर जोर अनेक पटीने वाढतो, झोळ किती ठेवायचा ते इंजिनिअरकडून काढून घ्या. दुहेरी दोरी द्या म्हणजे सरकताना एक हुक कायम लागलेला असतो.

वेल्डरच्या बेल्टवर ठिणग्यांचे बारीक जळके डाग असतात, उन्हात पट्ट्याचा रंग उडतो, शिलाई सुटते. रोज सकाळी घालायच्या आधी हाताने फिरवून बघायचं आणि एकदा पडताना ताणला गेलेला बेल्ट व दोरी कापून टाकायची, ठेवून द्यायची नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी घालतोच.

तात्पुरते प्लॅटफॉर्म

सोसायटीच्या रंगकामाला, मंडपाला, शेडच्या कामाला घोडी, एच फ्रेम, चाकाचा टॉवर. इथे लोक रेलिंग लावत नाहीत कारण दोन दिवसात काढायचंय. फळ्या पूर्ण रुंदीला टाका, मध्ये फट ठेवून दोनच फळ्या नको. फळीचं टोक आधाराच्या पुढे सहा इंचापेक्षा कमी नको कारण मग ती सटकते, आणि बाराच्या वर नको कारण मग कुणी टोकावर पाय ठेवला की दुसरं टोक वर येतं, दोन्ही टोकं बांधून टाका. एच फ्रेमला वर साडेतीन फुटावर आणि मध्ये पाईप क्लॅम्पने आवळा, भिंतीकडची बाजू फूटभरापेक्षा लांब असेल तर तिकडेही. चाकाचा टॉवर असेल तर उंची खालच्या लहान बाजूच्या तिप्पटीच्या वर मी जाऊ देत नाही, चारही चाकं लॉक, आणि माणूस वर असताना टॉवर ढकलायचा नाही, एक फूट सुद्धा. पावसाळ्यात नवीन मुरमावर उभा केला तर एका पायाखालची माती बसते, म्हणून पायाखाली रुंद प्लेट द्या.

फोर्कलिफ्टच्या काट्यावर पॅलेट ठेवून माणूस वर चढवणं हे आपल्या एमआयडीसीत सर्रास चालतं, मी हात जोडून सांगतो की हे बंद करा. पॅलेटला काही बांधलेलं नसतं, रेलिंग नसते, ऑपरेटरला वरचं दिसत नाही. एक दिवस भाड्याने सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारखा उघडत वर जाणारा प्लॅटफॉर्म, आणा. त्यात गेटची साखळी किंवा दांडा बंद आहे ना बघा, रेलिंगवर चढून हात पुरवायचा नाही, आणि बूम लिफ्ट, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बास्केट असलेली, असेल तर बास्केटमधल्या रिंगला आखूड दोरीने हुक लावायचाच, कारण खड्ड्यात चाक गेलं की बूमचं टोक माणसाला गोफणीसारखं फेकतं.

वाईनरीत काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात, टाक्या आंबत असतात आणि वरच्या तोंडातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याला रंग नसतो. कॅटवॉकवरून टाकीच्या तोंडावर वाकून बघणाऱ्याला एकदम गरगरतं आणि तो पडतो, बाहेर किंवा आत. तिथे रेलिंगबरोबर टाकीच्या तोंडावर पक्की जाळी लागते, आणि हवा खेळती आहे का ते मीटरने बघितल्याशिवाय वाकायचं नाही. फरशीवर रस सांडलेला असतो, चेकर प्लेट त्यात गुळगुळीत होते, खरखरीत जाळीचा फ्लोअर घाला.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल एकच वाक्य, त्याच्यावर थेट पाय ठेवायचाच नाही, बोल्टच्या ओळीवरही नाही, फळ्या टाकून फळ्यांवरूनच चालायचं आणि खाली जाळी बांधायची.

आणि पडलेला माणूस बेल्टला लटकला तर काय, हे काम सुरू करायच्या आधी ठरवा. लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठत जातं आणि काही मिनिटात तो बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे फायर ब्रिगेड येईल ह्या भरवशावर राहता येत नाही. शिडी, लिफ्ट किंवा दोरीची पुली, जे काही आहे ते त्याच शेडमध्ये, कुलूप न लावता, आणि ते वापरायचं कसं हे माहीत असलेली दोन माणसं त्या पाळीत हजर. बेल्ट घालून एकट्याला वर पाठवायचं नाही. तो शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा, दोरीचा फास करून त्यात पाय टेकवता आला तर फारच चांगलं. खाली घेतल्यावर १०८ ला फोन करा, मान-पाठ हलवू नका, आणि तो म्हणाला की मला काही झालं नाही तरी दवाखान्यात न्याच. अंबडचा तो पोरगा पण पडल्यावर पहिल्यांदा हेच म्हणाला होता, भाऊ, काही नाही झालं, उठतो मी.